तैलरंगात कुळव, बैलजोडी आणि माणसं: सुरुवात कशी करावी?

मलप्रभाकाठ

नमस्कार. मी खानापूरजवळच्या गावचा, नोकरी बेळगावात. जलरंगात निसर्गचित्रं बरीच वर्षं करतोय. तैलरंग गेल्या दिवाळीपासून हातात घेतले. मडकी, फळं, घरातल्यांचे चेहरे एवढं झालं. आता मनात एक मोठं चित्र आहे, २४ बाय ३६ इंचांचं. मिरगाच्या आधीचं तांबडं रान, कुळव (बैलांनी ओढायचं मशागतीचं औत) हाणणारा माणूस, खिलार जातीची बैलजोडी, बांधावरून भाकरीची बुट्टी डोक्यावर घेऊन येणारी बाई आणि तिच्या मागं वासरू. आमच्या गल्लीत एके काळी दारोदार जोडी असायची, आता मोजक्या उरल्यात. त्या आहेत तोवर समोर बसून रंगवायच्यात.

माणसं आणि जनावरं एकाच चित्रात बसवताना पहिली रेघ कशाची मारावी? जनावर तर क्षणभर स्थिर राहत नाही, त्याचं रेखाटन पक्कं कसं करायचं? पांढऱ्या बैलाला रंग कुठला? आणि आमच्याकडं पावसाळाभर भिंतीसुद्धा ओल्या असतात, त्यात तेलरंग वाळणार कसा? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

रंगपेटी

विषय आपल्या भागाच्या हक्काचा आहे. चित्रकार के. बी. कुलकर्णींनी बेळगावात राहून इथलीच माणसं रंगवली आणि शिष्य घडवले. रवी परांजपे (१९३५–२०२२) मूळ बेळगावचे, त्यांच्याच हाताखालचे. म्हणजे वाट मळलेली आहे, निर्धास्त सुरू करा.

पहिली रेघ क्षितिजाची. माणूस आणि बैल दोन्ही नंतर. कारण सांगतो. सपाट रानात तुम्ही उभे राहून बघत असाल, तर तुमच्याच उंचीच्या प्रत्येक उभ्या माणसाचे डोळे क्षितिजरेषेवर येतात, मग तो दहा पावलांवर असो की दोनशे. बैलाचा खांदा साधारण माणसाच्या छातीला लागतो. त्यामुळं बैल जवळचा असो वा लांबचा, त्याची पाठ क्षितिजाच्या खाली आणि त्याच प्रमाणात राहणार. हे एकदा पकडलं की माणसाशेजारचा बैल शेळीएवढा किंवा हत्तीएवढा होत नाही. बाई बांधावर आहे, तेव्हा बांध जेवढा उंच तेवढे तिचे डोळे क्षितिजाच्या वर जातील. ही उंची आधी आखून घ्या.

आता माझं मत. तुम्ही उभं राहून बघू नका, रानात खाली बसा. बसल्यावर क्षितिज माणसाच्या कमरेखाली येतं, बैलाची पाठ आणि शिंगं आभाळात जातात, कुळव हाणणारा उंच दिसतो. या चित्राला तो मान हवा. उभ्यानं बघितलं तर सगळं तांबड्या मातीवर सपाट पडतं, आणि तांबड्या मातीसमोर माणसाचं सावळं अंग उठून दिसायला फार झगडावं लागतं.

मग वहीत काडेपेटीएवढ्या चौकटी आखून त्यात फक्त तीन छटा भरा: उजळ, मधली, गडद. आभाळ उजळ, माती मधली, आणि माणूस–बैल मिळून एकच गडद किंवा एकच उजळ आकार. ‘मिळून एकच’ हे महत्त्वाचं. नवशिक्या हातून बैल वेगळा, माणूस वेगळा, बाई वेगळी, वासरू वेगळं असे चार ठिपके पडतात. त्यांना जोडणारं काहीतरी हवं. इथं ते आयतं आहे: माणसाच्या मुठीतून वेसणीपर्यंत गेलेला कासरा, रुमण्यावर (कुळवाच्या मुठीवर) टेकलेला हात, जू. माणूस आणि जनावर कामानं बांधलेले आहेत. तो ताण दिसला तर चित्र उभं राहिलं.

शिवारकर

मी चित्रकार नव्हे, अथणीकडचा शेतकरी. पण चित्रांत अवजारं चुकलेली बघितली की जीव कळवळतो, म्हणून लिहितोय.

जू बैलाच्या पाठीवर नसतं, वशिंडाच्या पुढं मानेवर असतं. बैल ओढतो तेव्हा वशिंड जुवावर दाबलं जातं आणि मान खाली जाते. मान वर काढलेला, छाती फुगवलेला बैल औताला दाखवला तर बघणारा शेतकरी म्हणणार की हा ओढतच नाही. दोन शिवळांच्या (जुवातल्या उभ्या खुंट्यांच्या) मध्ये मान असते, शिवळ विसरू नका. कुळवाला दिंड (मुख्य लाकूड) आडवं, खाली फास (लोखंडी पातं), मागं रुमणं. फास मातीत असतो म्हणून तो दिसत नाही, दिसते ती फासावरून उलथून पडणारी माती. तीच रंगवा.

आणि कुळव असेल तर दोन्ही बैल एका पातळीवर चालतात. नांगर दाखवला तर एक बैल तासात (नांगरलेल्या चरात) चालतो, तो खाली, दुसरा न नांगरलेल्या जमिनीवर, म्हणून जू तिरकं. नांगर धरून जू सपाट काढलेली चित्रं लई बघितली.

अजून एक. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, दिवशी बैल जुंपत नाहीत. तेव्हा अंगावर झूल, शिंगांना बेगड आणि मागं औत असं एकत्र काढू नका. आपल्याकडचा कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठातला, पेरणीच्याच दिवसांत. त्यानंतर शिंगांवर रंगाचे ओघळ राहतात महिनाभर. ते दाखवलं तर मात्र अगदी खरं वाटेल. तुमचं चित्र मिरगाच्या आधीचं असेल तर शिंगं कोरी ठेवा.

गोठ्यातला डॉक्टर

पशुवैद्य आहे, हौशी रेखाटनं करतो. जनावर हलतं ही तक्रार प्रत्येकाची असते. त्याचा उपाय कातडीच्या आतलं ओळखण्यात आहे.

पुढच्या पायाला आपण ज्याला गुडघा म्हणतो, तो खरं तर मनगट. मागच्या पायाचा जो सांधा मागं टोक काढून असतो, ती टाच. जनावर बोटांच्या टोकांवर उभं आहे, खूर म्हणजे दोन बोटांची नखं. मागच्या पायाचा खरा गुडघा वर पोटाच्या कडेला कातडीत दडलेला असतो, तिथली हालचाल चालताना दिसते. एवढं डोक्यात बसलं की मागचा पाय उलटा मोडलेला निघत नाही.

बैलाला गळ्याचं हाड नसतं. खांद्याचं पातं छातीला फक्त स्नायूंनी बांधलेलं आहे, त्यामुळं चालताना ते पुढं–मागं सरकतं आणि दोन पात्यांच्या मधली छाती जणू झोळीत लटकते. मागचा भाग मात्र मणक्याला घट्ट जोडलेला. म्हणून पुढचा भाग मऊ, लवचीक काढा, आणि मागं कमरेची हाडं टोकदार, ठाम. ओढणाऱ्या बैलाच्या मांडीवर हा फरक लख्ख दिसतो.

चालीचा क्रम असा: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. संथ चालीत बहुतेक वेळ तीन खूर जमिनीवर असतात. समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय एकदम उचललेले दाखवले तर ती दुडकी चाल झाली, कुळवाला तशी नसते. बसलेलं जनावर रंगवणार असाल तर लक्षात ठेवा, गाय–बैल उठताना आधी मागचा भाग उचलतात, घोडा पुढचा.

कानांची जागा शिंगाच्या मागं आणि खाली. खिलाराची शिंगं लांब, मागं झुकून मग वर जाणारी, तोंड लांबट, अंगाला कातडी घट्ट. पोळी, म्हणजे गळ्याखालची लोंबती कातडी, बेताची. नंदीसारखी गळ्यापासून गुडघ्यापर्यंत लोंबणारी पोळी खिलाराला काढू नका.

सवयीसाठी रवंथ करणारं जनावर घ्या. दुपारी गोठ्यात ते बराच वेळ एका जागी असतं. तिथं हात बसला की मग रानात या.

निपाणीची अक्का

डॉक्टरांनी फार मोलाचं लिहिलंय. फ्रान्सच्या रोझा बोनर या चित्रकर्तीनं जनावरांची शरीररचना शिकायला पॅरिसच्या कत्तलखान्यांत जाऊन अभ्यास केला होता. तिचं १८४९ सालचं नांगरणीचं चित्र सुमारे अडीच मीटर रुंदीचं आहे, पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात. त्यात बैलच नायक आहेत, माणसं त्यांच्या आडोशाला. फ्रेंच चित्रकार मिलेचं १८५७ चं सरवा वेचणाऱ्या बायकांचं चित्र शेजारी ठेवून बघा: तिथं वजन सगळं माणसांच्या वाकलेल्या पाठीत. मलप्रभाकाठ, तुमच्या चित्रात नायक कोण हे आधी ठरवा. चौघांना सारखा मान देऊ बघाल तर कुणालाच मिळणार नाही. माझ्या मते नायक जोडी आणि माणूस. बाई आणि वासरू दुय्यम, थोड्या मावळत्या रंगात.

तरी बाईला न्याय द्या. डोक्यावर ओझं असलं की मान आणि पाठ ताठ राहते, हालचाल कमरेपासून खाली. एक हात बुट्टीला असेल तर त्या बाजूचा पदर वर ओढला जातो आणि चुण्या खांद्यापासून कमरेकडं तिरक्या पडतात. बुट्टीखाली कापडाची चुंबळ असते. इरकल नेसवणार असाल तर काठांचा लाल रंग फार जपून. स्वस्त अलिझरीन क्रिमसन उन्हात उडतो, त्याऐवजी क्विनाक्रिडोन घ्या. आणि काठाची नक्षी काढत बसू नका. त्या अंतरावरून डोळ्याला फक्त गडद पट्टा दिसतो.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शिवारकर काका, तुमचा मुद्दा वाचून जू, शिवळ, दिंड सगळं जवळून बघून मोजून घेतलं. रानात खाली बसून केलेलं रेखाटन सोबत टाकतोय. बैलांची पाठ आभाळात गेल्यावर चित्रच बदललं, हे खरं. पाय मात्र मोबाईलच्या फोटोवरून घेतलेत. कसं वाटतंय बघा की.

रंगपेटी

जोडी आणि माणूस एकत्र छान बांधलेत. कासऱ्याची रेघ सैल आहे, ती ताणा. अलीकडचा बैल तोंडाकडं मोठा आणि मागं लहान झालाय, तो फोटोचा परिणाम. मोबाईलची साधी लेन्स जवळून जे पुढं आहे ते फुगवते. वीस–पंचवीस फूट मागं जा आणि तिथून झूम करून घ्या, प्रमाणं सुधारतील. मी स्वतः फोटो शेवटी बघावा या मताचा आहे. आधी डोळ्यांनी रेखाटन, फोटो फक्त अडलेल्या जागेपुरता.

निपाणीची अक्का

इथं माझं थोडं वेगळं मत. नोकरी करून शिकणाऱ्याला रोज रानात बसता येत नाही, फोटो वर्ज्य म्हटलं तर चित्रच होणार नाही. आकारासाठी फोटो चालेल. रंगासाठी चालत नाही. फोटोत सावली काळी होते, प्रत्यक्षात ती काळी नसते. तेव्हा छोट्या ऑइल पेपरवर रंगाची टिपणं तरी जागेवरच करा, पोस्टकार्डाएवढी. आभाळाचा, मातीचा, बैलाच्या उजेडातल्या बाजूचा आणि सावलीतल्या बाजूचा एकेक ठिपका बरोबर लागला तरी पुरे.

रंगपेटी

मान्य, अक्का. टिपणांचा मुद्दा माझ्या म्हणण्याहून चांगला आहे.

आता पांढऱ्या बैलाकडं येतो, कारण या चित्राचा प्राण तिथंच आहे. ट्यूबमधला कोरा पांढरा बैलावर जवळजवळ कुठंच लागत नाही. लागलाच तर पाठीच्या कण्यावर उन्हाच्या एखाद्या फटकाऱ्यात, तोही चिमूटभर यलो ऑकर घालून. उन्हातली बाजू म्हणजे टायटॅनियम व्हाइट आणि ऑकर. सावलीची बाजू अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना आणि पांढरा मिसळून राखाडी, पण तो राखाडी सगळीकडं एक नको. पाठीच्या सावलीवर आभाळ उतरतं, म्हणून तिथं निळसर. पोटाखाली माती उतरते, म्हणून तिथं उबदार. खानापूरच्या तांबड्या मातीवर उभ्या बैलाचं पोट सकाळच्या उन्हात चक्क नारिंगी दिसतं. तोच बैल अथणी–बैलहोंगलकडच्या काळ्या रानात नेला तर पोट गडद आणि थंड होईल, कारण काळी माती उजेड परत फेकतच नाही. चित्र कुठल्या तालुक्यातलं आहे हे बैलाच्या पोटावरून कळलं पाहिजे. आपल्या भागात दोन्ही माती हाकेच्या अंतरावर आहेत, ही केवढी मोठी शाळा आहे!

खिलाराची मान आणि वशिंड बऱ्याचदा अंगापेक्षा गडद राखाडी असतात. तो अंगचा रंग, त्याला सावली समजू नका. उन्हात असलेली गडद मान आणि सावलीत असलेलं पांढरं पोट यांची छटा कधीकधी सारखीच येते. डोळे किलकिले करून बघा, म्हणजे तपशील जातात आणि छटा राहतात.

म्हैस रंगवणाऱ्यांसाठी जाता जाता: तिच्यात काळा रंग जवळपास वापरूच नका. ओल्या म्हशीची पाठ म्हणजे आभाळाचा निळा–पांढरा, बाकी बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन.

कृती अशी. कॅनव्हासला आधी बर्न्ट सिएनाचा पातळ हात द्या, टर्पेंटाईनमध्ये. पांढऱ्या कॅनव्हासवर पांढरा बैल जोखता येत नाही. तो वाळला की बर्न्ट अंबरनं सगळे आकार फक्त गडद–उजळात बसवा, उजेडाच्या जागा कापडानं पुसून काढा. या टप्प्यावर आठवडा गेला तरी चालेल. मग आभाळ, मग माती, मग बैल–माणूस, म्हणजे कडा एकमेकांत मिसळतील. शिंगं आणि कासरा सगळ्यात शेवटी, लांब केसांच्या रिगर ब्रशनं, एका दमात. पहिले थर टर्पेंटाईनचे, वरचे थर जास्त तेलाचे. उलटं केलं तर वरचा थर आधी कडक होतो आणि खालचा हलत राहतो, काही वर्षांत भेगा पडतात.

मलप्रभाकाठ

पोटावरची माती आजच बघितली. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होती! तेल घाण्यावरचं जवसाचं चालेल का? आमच्याकडं सहज मिळतं.

निपाणीची अक्का

नको. घाण्याच्या तेलात चिकट गाळ असतो, ते जास्त पिवळं पडतं आणि नीट वाळत नाही. चित्रकलेच्या दुकानातलं शुद्ध केलेलं लिनसीड ऑइलच घ्या. थोडंच लागतं.

पावसाळ्याचं सांगते. तेलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. थंड, दमट, अंधाऱ्या खोलीत ती क्रिया मंदावते. म्हणून चित्र कपाटात किंवा भिंतीला तोंड करून ठेवू नका, उजेड आणि वारा असलेल्या खोलीत ठेवा. अंबर लवकर वाळतो, त्यात मँगनीज असतं. आयव्हरी ब्लॅक फार रेंगाळतो. पावसाळ्यात खालच्या थरात अंबर वापरा, काळा टाळा, थर पातळ ठेवा. कॅनव्हास दमट हवेत सैल पडला तर मागच्या पाचरी लगेच ठोकू नका, उन्हाळ्यात तो पुन्हा ताणला जातो. चित्राच्या पाठीला आणि भिंतीला मध्ये बूचाचे तुकडे लावून फट ठेवा, नाहीतर मागून बुरशी धरते.

आणि हे सगळ्यांनी वाचा. जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या चुरगाळून टोपलीत टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता तयार होते आणि ढिगाऱ्यात ती साठून चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून टाका किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा. टर्पेंटाईन वापरताना खिडक्या उघड्या हव्यात, घरात लहान मुलं असतील तर बाटली वर ठेवा.

शिवारकर

तुमची चर्चा वाचून काल संध्याकाळी आमच्या बैलांकडं नव्यानं बघितलं. काळ्या रानात पोट खरंच गडद. रंगपेटी सर, एक शंका. आमच्या रानात सुगी झाली की धनगरांच्या मेंढ्या खतासाठी बसवतो. शंभर–दोनशे काळ्या मेंढ्या. त्या कुणी रंगवायच्या म्हटल्या तर एकेक काढायची?

रंगपेटी

नाही काका. कळप हा एकच आकार. वरची कड आणि बाहेरची कड नीट काढायची, पुढच्या तीन–चार मेंढ्या पूर्ण, बाकी पाठींवरचे उजेडाचे तुटक फटकारे. दख्खनी मेंढीची लोकर उन्हात तांबूस मारते, घोंगडी जुनी झाली की मारते तशी, तेव्हा तिथंही निव्वळ काळा नको. धनगर उभा असेल तर त्याची घोंगडी आणि कळप एकाच गडद आकारात मिसळू द्या, फक्त पटका उजळ. हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, चिंचलीच्या मायाक्का देवीच्या जत्रेत जाऊन रेखाटनं करून मगच लिहावा असा.

मलप्रभाकाठ

अंबरचा थर झाला. वासरू काढून टाकावं की ठेवावं यात अडकलोय. बाईच्या मागं ते आलं की नजर तिकडंच जाते.

गोठ्यातला डॉक्टर

ठेवा, पण लहान वासराचे पाय अंगाच्या मानानं लांब असतात हे बघा. तुमच्या रेखाटनात ते छोटा बैल झालंय.

निपाणीची अक्का

ठेवा, आणि त्याला बाईच्या सावलीत घ्या. त्याची पाठ आणि मागचं गवत एकाच छटेत ठेवलं तर नजर आधी जोडीकडं जाईल, मग कासऱ्यावरून माणसाकडं, आणि वासरू सगळ्यात शेवटी सापडेल. कड पुसट ठेवण्यासाठी रंग ओला असतानाच कोरड्या ब्रशनं एकदा हलकं फिरवा.

मलप्रभाकाठ

तसंच करतो. वार्निश कधी मारू?

रंगपेटी

थर पातळ असतील तरी सहा महिने, तुमच्या हवेत वर्षभर थांबा. मधल्या काळात काही जागा निस्तेज, कोरड्या दिसतील, विशेषतः अंबरच्या. तिथं पुढचा थर देण्याआधी तेलाचा अगदी पुसट हात फिरवा आणि जास्तीचं पुसून घ्या. माती झाली की फोटो टाका, बैलाला हात घालायच्या आधी.

शिवारकर

आणि माणसाच्या पायात चपला काढू नका. कुळवामागं अनवाणीच चालतो आम्ही, ढेकळं पायाला कळली पाहिजेत.